छत्री उघडायची वेळ

आमच्या सोसायटीत मला कोणी ‘कसे आहात’ असं विचारत नाही. लिफ्टमध्ये गाठ पडली की थेट ‘मग? आज काय?’ असं विचारतात. म्हणजे आज पाऊस काय. ढगांचे, वादळांचे, विजांचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे हे कळल्यापासून खांदेश्वरच्या आमच्या इमारतीत असा समज आहे की पाऊस मी घरी ठेवतो आणि लागेल तसा सोडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा पापड वाळत घालण्याआधी मला फोन केला होता. मी ‘घाला बिनधास्त’ म्हटलं आणि दुपारी तीनला अशी सर आली की पापड गच्चीच्या पाइपातून खाली पार्किंगमध्ये आले. काकू त्यानंतर सहा महिने बोलल्या नाहीत. मला तेव्हा भयंकर हसू आलं होतं. आपल्या शब्दावर कोणी काही उघड्यावर ठेवतं, ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नसते, हे मला फार उशिरा कळलं.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. ‘पाऊस आला की माणसं घरात पळतात, आमचं माणूस बाहेर पळतं,’ असं ती फोनवर तिच्या आईला सांगते, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. खरं आहे ते. आभाळ भरून आलं की माझे पाय घरात ठरत नाहीत. कढी उतू जाते, दारावरची बेल वाजत राहते, आणि मी बाल्कनीतून अर्धा बाहेर लोंबकळत माथेरानच्या दिशेला बघत असतो.

याआधी पंधरा वर्षं मी बिल्डरांच्या माहितीपत्रकांसाठी फोटो काढायचो. तो धंदा म्हणजे पुसापुशीचा. टॉवरचा फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर बसून समोरचा नाला पुसायचा, विजेच्या तारा पुसायच्या, खाडीच्या चिखलात वाकलेल्या बायका पुसायच्या. आभाळ तर नेहमीच पुसायचो. नवी मुंबईचं आभाळ वर्षातले बरेच महिने पांढुरकं, धुळकट असतं. त्याच्या जागी मी निळं आभाळ घालायचो. माझ्याकडे एक ठरलेलं निळं आभाळ होतं, त्यात डाव्या कोपऱ्यात कापसासारखा एक ढग. पाम बीच रस्त्याच्या कडेच्या किती इमारतींवर तोच ढग येऊन गेला आहे हे फक्त मला माहीत. शेवटी त्या ढगाचाच वीट आला आणि मी खऱ्या ढगांच्या मागे लागलो. नोकरीतून एक कॅमेरा, दुखरी पाठ आणि दिवाळीला बिल्डरच्या ऑफिसातून मिळालेली एक भलीमोठी पिवळी घडीची छत्री एवढं बरोबर आणलं.

वादळाच्या मागे हिंडणं ऐकायला झोकदार वाटतं. प्रत्यक्षात ते वाट बघणं असतं. एप्रिल-मेमध्ये मी सोलापूर, लातूरकडे जातो. तिकडे उन्हाळ्याचे ढग बघण्यासारखे उठतात. चार-चार दिवस ढाब्यावर बसून पिठलं-भाकरी खायची, मालकाला ‘उद्या नक्की’ असं सांगायचं, आणि पाचव्या दिवशी परतीच्या एसटीत बसलो की मागच्या काचेतून वादळ दिसतं. इथे जवळपास असलो तर कळंबोलीच्या ट्रकच्या अड्ड्यावर चहाला जातो. तिथल्या ड्रायव्हरांना माझा धंदा ठाऊक आहे. ‘साहेब, घाटात काय म्हणतंय?’ असं विचारतात. मी मोबाइलवर रडारचं चित्र बघून सांगतो, आणि तेही ऐकून मान डोलावतात आणि आधी ठरवलं असेल त्याच वेळेला निघतात. ते शहाणे आहेत. माझ्या बोलण्यावर त्यांनी कधी गाडी थांबवली नाही की सोडली नाही.

एकदा बार्शीच्या पलीकडे एका उघड्या माळावर उभा होतो. ढग अजून लांब होता, डोक्यावर तर चक्क ऊन होतं. अचानक हातावरचे केस उभे राहिले. कॅमेऱ्याच्या तिपाईतून बारीक गुणगुण यायला लागली, जवळ कुठे मधमाश्यांचं पोळं असावं तशी. कॅमेरा टाकून मी बाजूच्या चारीत उडी मारली. डोकं गुडघ्यात घातलं तेवढ्यात वीज पडली. माझ्यावर नाही, शंभर पावलांवरच्या बाभळीवर. बाभळ वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो. वीज ढगाच्या पुढे उडी मारते, आपल्या डोक्यावर ढग यायची ती वाट बघत नाही. आणि उघड्यावर जे सगळ्यात उंच असेल ते तिला आधी सापडतं.

तेव्हापासून मी मोजतो. वीज चमकली की एक, दोन, तीन, गडगडाट ऐकू येईपर्यंत. आलेल्या आकड्याला तीनने भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तिसाच्या आत आकडा आला की गाशा गुंडाळायचा, हा माझा नियम. बायको म्हणते, लग्नानंतर मी गणितातलं शिकलेलं हे एवढंच. आता मी जेवताना मोजतो, रस्ता ओलांडताना मोजतो, बोलता बोलता मोजतो. मोजायचं नाही असं ठरवूनही ते थांबत नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी एका ठिकाणी ‘कळलं नाही’ असं म्हणणार आहे.

करावे गावच्या मागे खाडी आहे. गाव जुनं, आगरी-कोळ्यांचं. आता त्याच्या भोवती सगळीकडून टॉवर उभे राहिलेत. गावामागे एक बांध आहे, बांधाच्या पलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडी, आणि तिवरांच्या पलीकडे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो येतात आणि त्यांच्यामागून तोफांएवढ्या लेन्स घेऊन फोटोग्राफर येतात. मी तिथे आभाळासाठी जायचो. पश्चिमेला एवढं मोकळं आभाळ नवी मुंबईत आता फारसं उरलेलं नाही.

मावशी मला तिथेच भेटल्या. साठी ओलांडलेली, काटकुळी बाई. कासोटा घातलेलं लुगडं, कमरेला पाटी, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळी. ओहोटी लागली की त्या चिखलात उतरायच्या आणि बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायच्या. पूर्वी गावातल्या सात-आठ जणी जायच्या, आता या एकट्याच उरल्या होत्या. मुलगा कामाला होता, घरात खायची ददात नव्हती, सून तर रोज ‘नका जाऊ’ म्हणायची. पण त्यांना चिखलाशिवाय करमत नसे.

पहिल्या दिवशी त्या माझ्यावर खेकसल्याच. ‘सरकते, सरकते. फोटूत येते मी, म्हाईत हाय.’

मी म्हटलं, ‘नका सरकू मावशी. मला तुम्ही हव्या आहात.’

त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. फ्लेमिंगोवाल्यांनी त्यांना इतकी वर्षं हाकललं होतं की ‘थांबा’ म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. मी त्यांना सांगितलं, नुसता ढग काढला तर तो किती मोठा हे बघणाऱ्याला कळत नाही. खाली एक माणूस असेल तर कळतं. त्यांना ते पटलं. ‘म्हंजे मी मापाला,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. पुढची चार वर्षं त्या माझ्या मापाला उभ्या राहिल्या. कॅलेंडरवर गेलेले, वर्तमानपत्रात छापून आलेले माझे बहुतेक सगळे चांगले फोटो तिथलेच आहेत. वर अंगावर येणारं आभाळ आणि खाली मध्याच्या जरा उजवीकडे तांदळाएवढ्या मावशी, वाकलेल्या.

छत्रीचं ठरलं ते दुसऱ्या वर्षी. दसऱ्याच्या आसपास पावसाळा जाता जाता जी वादळं येतात ती समुद्रावरून येत नाहीत. ती पूर्वेकडून, डोंगरावरून उतरतात. पूर्वी चिखलातून पाठीमागचा डोंगर दिसायचा, मावशी मान वळवून बघायच्या आणि निघायच्या. आता मध्ये टॉवर होते. त्यातल्या निम्म्यांवर मीच निळं आभाळ लावलेलं. चिखलात उभ्या माणसाला पूर्वेकडून काय येतंय ते दिसतच नव्हतं. मी बांधावर असायचो, हातात रडारचं चित्र असायचं. तेव्हा मीच मोठ्या शहाणपणाने म्हटलं, ‘मावशी, मी ही पिवळी छत्री उघडून वर धरली की सगळं सोडून परत फिरायचं.’ एवढ्या अंतरावर हाक पोचत नाही. चिखलातून बांधापर्यंत यायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागत, आणि लखलखाटात लोखंडी दांड्याची छत्री वर धरून उभं राहणं हा काही अकलेचा भाग नाही. त्यामुळे छत्री उघडायची ती लवकरच, गडगडाट लांब असताना. एवढं सगळं मी विचार करून ठरवलं होतं. दोन वर्षांत सात-आठ वेळा तरी छत्री उघडली असेल. दर वेळी मावशी पाटी सावरत आल्या, आणि दोनदा तर पाऊस आलाच नाही म्हणून मला शिव्या घातल्या.

त्यांची एकच मागणी असायची. ‘मना एक फोटू काडून दे. तोंडाचा.’

‘कशाला हो?’

‘कशाला म्हंजे? भित्तीला लावाला. मी गेल्यावर पोरं आधारकार्डावरचा मोटा करतील. तो बगलास तू? चोराचा दिसतोय.’

त्यांनी लुगड्याच्या कमरेशी खोचलेल्या केळ्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलंही. खरंच चोराचा दिसत होता. डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला, ओठ आवळलेले. मी म्हटलं, ‘काढू ना. एकदा चांगलं लुगडं नेसून या, सकाळच्या उजेडात काढू.’ त्या दोनदा आल्यासुद्धा, हिरवं काठाचं लुगडं नेसून, नाकात नथ घालून. एकदा माझ्याकडे चेहऱ्याची लेन्स नव्हती. दुसऱ्यांदा नेमका पश्चिमेला ढगांचा सुंदर पट्टा आला होता, आणि मी ‘पाच मिनिटं हं मावशी’ म्हणून त्यात गुंतलो तो गुंतलोच. तासाभराने वळून बघितलं तर त्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या चिखलात उतरल्या. मी माफीही मागितली नाही. चेहरे हे माझं काम नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी द्वादशी होती. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा हिशोब मावशींनीच मला शिकवला होता. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती म्हणजे तीनला पूर्ण ओहोटी. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळपासून असा उकाडा होता की पंख्याखालीही शर्ट पाठीला चिकटत होता, आणि वारा अजिबात नव्हता. लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, ‘मग? आज काय?’ मी म्हटलं, ‘आज आहे.’ माझ्या आवाजात आनंद होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अडीचला करावेला पोचलो. मावशी बांधावर बसून पायाला तेल चोळत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘काय रं, येनार का?’

‘येणार,’ मी म्हटलं. ‘पण पाचच्या आधी नाही. मी बघतो ना.’

‘तू हायस तर मना कसली भीती,’ म्हणून त्या उतरल्या. पाटी कमरेला, सळी हातात. तिवरांमधून पलीकडे गेल्या आणि हळूहळू लहान होत गेल्या.

साडेतीनला रडारवर पनवेलच्या मागे लाल ठिपके उमटले. पावणेचारला पहिला गडगडाट ऐकू आला. लखलखाट टॉवरच्या मागे होता, त्यामुळे नुसती काचांवर चमक दिसली. मी मोजलं. सत्तर. पुढचं पंचावन्न. छत्री पाठीवरच्या पिशवीत होती. पंचावन्नला उघडायची, असंच आजवर केलं होतं.

मी उघडली नाही. का नाही उघडली, ते सरळ सांगतो. मला जो फोटो चार वर्षं हवा होता तो त्या दिवशी बनत होता. पूर्वेकडून येणाऱ्या ढगाची काळी कड आपल्या डोक्यावरून पुढे खाडीवर सरकते. वर सगळं काळंभोर छप्पर आणि खाली क्षितिजाशी पिवळ्या उजेडाची एक फट. त्या फटीसमोर माणूस उभं असेल तर तो फोटो जन्मभर पुरेल असा असतो. पण ढग डोक्यावरून पुढे गेल्याशिवाय तो फोटो मिळतच नाही, आणि छत्री उघडली की पाच मिनिटांत मावशी त्या जागेवरून हलणार. तिवरांत शिरणार. मग खाली नुसता चिखल. मी मनाशी म्हटलं, अजून दहा मिनिटं. तरीही त्यांना वेळ मिळेल. मी हे अगदी शब्दांत म्हटलं होतं, मला आठवतंय.

पक्षी आधी गेले. खाडीवरचे बगळे उठले आणि आवाज न करता दक्षिणेकडे निघून गेले. मग वारा आला, थंडगार, मागून ढकलणारा. बांधावरचा कचरा चिखलावर उडत गेला. डोक्यावर ढगाची कड आली. आमच्या मागचे टॉवर काळे पडले आणि समोर ती पिवळी फट उघडली. मावशी वाकून एका बिळात हात घालत होत्या. मी फोटो काढत होतो आणि मोजत होतो. तीस. चोवीस. सतरा.

सतराला माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मला बार्शीचा माळ आठवला. आता मात्र छत्री उघडायलाच हवी होती. हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. लोखंडी दांड्याची छत्री उघड्या बांधावर वर धरायची मला भीती वाटली. आधी फोटोसाठी उघडली नाही आणि मग भीतीपोटी उघडली नाही. मी खाली बसलो, गुडघ्यात डोकं घातलं. कॅमेरा तिपाईवर होता, त्याला आपोआप फोटो काढत राहायला लावलेलं होतं. तो काढत राहिला.

आवाज आला तो मोजण्याआधीच आला. उजेड आणि आवाज एकत्र. मग पाऊस असा कोसळला की हातभर दिसेना. मी ओरडत बांधाखाली उतरलो, तिवरांत गुडघ्यापर्यंत रुतलो, चप्पल तिथेच राहिली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. चिखलात कसं चालायचं हे मी चार वर्षांत त्यांच्याकडून शिकलो नव्हतो. गावातली माणसं माझा आरडाओरडा ऐकून आली. त्यांनी आधी मला ओढून काढलं, मग फळी घेऊन पुढे गेले आणि मावशींना घेऊन आले. जीव जागच्या जागी गेला होता. पाटी कमरेलाच होती. त्यात चार चिंबोऱ्या होत्या, जिवंत.

पंचनामा झाला तेव्हा वेळ विचारली. कॅमेऱ्यात सेकंदापर्यंत नोंद होती. लिहून घेणारा माणूस म्हणाला, ‘बरं झालं, तुमच्यामुळे टाइम एकदम परफेक्ट मिळाला.’

घरी आलो. बायकोने पाय धुवायला गरम पाणी काढून दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, ‘किती सेकंद होते?’

‘कळलं नाही,’ मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणारी बाई आहे ती, उत्तर चोरलेलं तिला कळतं. ती उठली आणि कुकर लावायला गेली. त्या दिवसानंतर तिने तिच्या आईला फोनवर ते बाहेर पळण्याचं वाक्य कधी सांगितलं नाही.

त्या दिवसाचे फोटो मी चार दिवसांनी उघडले. वीज पडण्याच्या आधीच्या फोटोत पिवळी फट आहे, काळं छप्पर आहे, सगळं जिथल्या तिथे आहे. आणि मावशी वाकलेल्या नाहीत. ताठ उभ्या आहेत. मी मोठं करून बघितलं, आणखी मोठं केलं. चार वर्षांच्या शेकडो फोटोंत त्यांची पाठ आहे, नाहीतर डोकं आहे. या एका फोटोत, कुठल्याशा विजेच्या उजेडात, चेहरा आहे. नाक-डोळे कळत नाहीत, तांदळाच्या टोकाएवढा नुसता फिका ठिपका आहे. पण तो कुठे वळलेला आहे ते कळतं. एवढं सगळं आभाळ फाटत असताना त्या वर बघत नव्हत्या. बांधाकडे बघत होत्या. पुढचा फोटो पूर्ण पांढरा आहे.

बाराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. न जाण्याची सोय नव्हती. गावातल्या गल्लीत तीन मजली घर, खाली भाडेकरू. सुनेने आत बोलावलं, खुर्ची दिली. मुलगा विधी आटपून बाहेर माणसांत बसला होता. समोर भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आधारकार्डावरचा, मोठा केलेला. डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला. मोठा केल्यामुळे तो आणखीच फाटला होता, गालावर चौकोन चौकोन दिसत होते.

सून चहा घेऊन आली. माझी नजर कुठे आहे ते तिने बघितलं. ‘दुसरा नव्हता वो, दादा,’ ती म्हणाली. ‘हा आयला बिलकुल आवडत नव्हता. तुमच्याकडं असंल ना एखादा? तुमी तर कायम काडायचे.’

‘चेहऱ्याचा नाही,’ मी म्हटलं.

‘एक पन नाय?’

‘नाही.’

तिला ते खरं वाटलं नसावं, पण तिने ताणलं नाही. समोर जमिनीवर बसली. ‘आय तुमचं लय सांगायची,’ ती म्हणाली. ‘आमी बोलायचो, वयात नका जाऊ चिखलात. तर बोलायची, फोटूवाला हाय ना. तो बगतो. पैले ती सोता आभाल बगायची, वास घ्यायची, वारा बगायची. कवा कवा तर पानी यायच्या दोन तास आदी घरी. तुमी आल्यापासून तिनं बगायचंच सोडलं. बोलायची, आता मी कशाला मान मोडू, छत्री दिसली की येते.’

हे ती आभार मानल्यासारखं सांगत होती. मी हातातला कप खाली ठेवला. मला सांगायचं होतं. मी ते सांगायलाच आलो होतो, स्कूटरवरून येताना वाक्यं जुळवत आलो होतो. मी म्हटलं, ‘त्या दिवशी छत्री...’

‘वारा लय होता ना,’ ती लगेच म्हणाली. ‘आमचे पत्रे उडाले. तुमी उगडली असंल, ती उलटी झाली असंल. तिला दिसली नसंल. तुमी काय करनार?’ तिचे डोळे भरून आले होते, आणि ती माझी समजूत घालत होती.

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. ‘हो,’ मी म्हटलं. ‘उलटी झाली. मोडलीच.’

ती मान हलवत राहिली. आम्ही दोघांनी चहा संपवला.

निघालो तेव्हा बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. मी पायरीवर उभा राहून पिशवी पाठीला लावली. पिशवीत सगळ्यात खाली छत्री होती, एकही काडी न वाकलेली. सून दारात आली. ‘भिजाल दादा,’ ती म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला निळा प्लास्टिकचा कागद होता. ‘आयचा हाय. चिखलात जाताना न्यायची. आता कोन वापरनार? घ्या. तुमची छत्री मोडली ना.’

मी तो डोक्यावर घेतला. त्याला खाडीचा वास होता. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती दारात उभी होती, म्हणून मला तो काढता आला नाही. पुढे बांधाशी स्कूटर लावली होती, तिथेही काढला नाही. पाऊस वाढला. तोच पांघरून मी खांदेश्वरपर्यंत आलो, आणि घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा छत्री कोरडी होती.